तायडे मॅडमची बाटली

तायडे मॅडमची पर्स लहान होती आणि पाण्याची बाटली मोठी. इतकी मोठी, की आमच्या गाडीचा कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, एक दिवस हिचं हाफ तिकीट फाडतो बरं का मी." मुलीच्या जुन्या जीन्सचा पाय कापून त्यांनी बाटलीला खोळ शिवली होती. सकाळी ती खोळ ओली केली की भर एप्रिलातही दुपारपर्यंत पाणी गार राहतं, हा त्यांचा शोध. अमरावतीच्या स्टँडवर त्या बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या दिसायच्या, आणि गाडी वलगावला पोहोचेपर्यंत ती अर्धी झालेली असायची. कोणाचं लेकरू, कोणी म्हातारा, कॉलेजच्या पोरी, खुद्द कंडक्टर, सगळे त्यातून प्यायचे. शाळेत उतरलं की मॅडम ती हापशीवर पुन्हा काठोकाठ भरून घ्यायच्या.

त्या स्वतः मात्र त्या बाटलीतून कधी पाणी पीत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला. जो माणूस सगळ्यांना वाढतो, त्याचं जेवण झालं की नाही हे पंगतीत कोणी बघत नाही, तसं झालं.

मी मूळची मोर्शीची. लग्न होऊन अमरावतीत आले आणि ह्या शाळेवर लागले. वलगावच्या पुढे आत फुटणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथली आठवीपर्यंतची शाळा. बायका आम्ही दोघीच, बाकीचे पुरुष, आणि मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. पहिल्या दिवशी गाडीत मॅडमनी मला शेजारी जागा दिली, नाव-गाव विचारलं आणि बाटली पुढे केली. घरच्या वळणाप्रमाणे मी ती वर धरून धार तोंडात सोडली. गाडीने खड्डा घेतला आणि अर्धं पाणी माझ्या नव्या साडीवर.

"काय वं, सारं पातळ भिजवलं. तोंड लावून पे न."

"उष्टी होईन मॅडम."

"होऊ दे. माही बाटली उष्टी व्हायसाठीच हाये."

मला ते विनोदाने म्हटल्यासारखं वाटलं. विनोद नव्हता. पुढे कधीतरी मधल्या सुट्टीत वह्या तपासता तपासता त्यांनी सांगितलं, "माह्या आजीनं सारी जिंदगी वरून पाणी पेलं. विहिरीवर जाऊन उभं राहावं, कोणी ओतीन तवा पेवाव. खाली ओंजळ अन् वरून धार. अर्धं पाणी कोपरावून गळून जाये. म्हणून मी माणूस पाहत नाही, जात पाहत नाही, बाटली देतो अन् सांगतो, तोंड लावून पे." एवढं बोलून त्यांनी पुढची वही ओढली आणि लाल पेनने कोणाचा तरी 'प्रकाशसंश्लेषण' दुरुस्त केला. आवाजात कडवटपणा नव्हता. आमच्या मोर्शीच्या विहिरीवरही अशी धार कोणीतरी ओतली असेलच, घरात त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाटलीला तोंड लावूनच प्यायले.

मॅडम विज्ञान शिकवायच्या. उंची बेताची, आवाज खणखणीत, केसांत एकही पीन नाही, नुसता अंबाडा. रागावल्या की पोट्ट्यांना 'बयताडा' म्हणायच्या आणि पोट्टे त्या शिवीसाठी मुद्दाम चुकायचे. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, स्नेहल, अकोल्याला बँकेत. मॅडम अमरावतीत एकट्या राहायच्या, पण त्यांना एकटं म्हणायला जीभ वळत नसे, कारण त्या कायम कोणाचं ना कोणाचं काहीतरी करत असायच्या.

आता शाळेतल्या चावीबद्दल सांगते. शाळेला संडास होता. त्याला कुलूप होतं. कुलपाची चावी मोठ्या सरांच्या टेबलावर, आणि ती हरवू नये म्हणून तिला हातभर लाकडी ठोकळा बांधलेला. म्हणजे ज्या बाईला जायचं तिने ऑफिसात जावं, चार पुरुषांसमोर ठोकळा उचलावा, मग हापशीवर बकेट भरावी, आणि एका हातात ठोकळा, एका हातात बकेट घेऊन सगळं मैदान ओलांडावं. मैदानात कबड्डी चालू असायची. पोरं खेळ थांबवून वाट द्यायची, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. मी दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा सकाळचा चहा सोडून दिला.

सातवी-आठवीच्या पोरी महिन्यातल्या त्या दिवसांत शाळेत येतच नसत. एकदा अशीच एक हुशार पोरगी ऐन चाचणीला गैरहजर राहिली. मॅडम तडक ऑफिसात गेल्या.

"सर, संडासाची चावी द्या."

"घ्या न मॅडम. नाही कोणी म्हटलं?"

"आजच्यापुरती नाही. कायमची द्या. पुरुषायच्या टेबलावरून पोरी चावी उचलत नाहीत, म्हणून घरी बसून राहिल्या."

"अन् हरवली तं?"

"हरवली तं माह्या पगारातून दुसरं कुलूप घ्या."

मॅडमनी तिथेच दातांनी सुतळी तोडून चावी सोडवली आणि ठोकळा सरांच्या कागदांवर ठेवला. "हा राहू द्या तुमाले. पंखा लावला का कागद उडतात." मोठे सर हसले, दुसरं करणार काय. चावी मुलींच्या वर्गात दाराआडच्या खिळ्याला लागली. पोरींनी आपसात नंबर लावले, सकाळी शाळा भरायच्या आधीच बकेटी भरून आत जाऊ लागल्या. पुढच्या चाचणीला सगळ्या हजर.

हे सगळं केलं, आणि स्वतः मॅडम त्या संडासात एकदाही गेल्या नाहीत. मी न राहवून विचारलं, "आता चावी झाली, बकेट झाली. तुमी काहून जात नाही?"

"मोडली नाही वं सवय. माह्या पहिल्या शाळेत संडासच नव्हता. तूर उभी असली का तुरीत जावाव, तूर कापली का बसून राहावाव. तवाच पोटाले सांगून ठेवलं, सांजरोक गप बैस. आता घरी जाऊन उठवलं तरी उठत नाही ते." आणि मोठ्याने हसल्या. "तुमच्या एकादशीले तरी दुसऱ्या दिवशी पारणं असते. माही रोजचीच हाये."

पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून प्यायचंच नाही. सकाळी घरी चहा, मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या. हे आमच्यातल्या कितीतरी बायका करतात. अपडाऊन करणाऱ्या बायकांच्या डब्यात भाजीची अदलाबदल होते आणि ह्या युक्त्यांचीही. त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही, उलट जिला जमतं तिचं कौतुक होतं.

मॅडमच्या पोटाने त्याचा सूड घेतला. तीन-तीन, चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. त्याबद्दल बोलायला त्या लाजत नसत. डबा उघडता उघडता म्हणायच्या, "आज बी आमचं पार्लमेंट बंद." हिरडा झाला, एरंडेल झालं, रात्रीचं गरम दूध-तूप झालं. शेवटी मीच त्यांना अमरावतीत माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरणीकडे नेलं. बाई तरुण होती, पण घाईची नव्हती. पोट तपासलं, कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. मॅडमना थायरॉइडची गोळी होती. मग तिने इसबगोलाचा भुसा लिहून दिला आणि लेकराला पाढे शिकवावे तसं एकेक सांगितलं.

"मॅडम, हे पोटात जाऊन पाणी धरतं आणि फुगतं, म्हणून काम करतं. एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळायचा आणि घट्ट व्हायच्या आत लगेच प्यायचा. त्याच्यावर अजून एक ग्लास पाणी. कोरडा कधीच नाही. दिवसभर पाणी भरपूर. थायरॉइडची गोळी आणि हे, मधे दोन-तीन तास पाहिजेत. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. दोन-तीन दिवस लागतील फरक पडायला, म्हणून घाईने चमचे वाढवायचे नाहीत."

"अन् नाही पडला फरक तं?"

"तर माझ्याकडे यायचं. आणि हे नीट ऐका. रक्त दिसलं, वजन उतरलं, पोट फुगून दुखायला लागलं, उलटी झाली, तर हे बंद करायचं आणि त्याच दिवशी यायचं. बद्धकोष्ठ जुनं आहे म्हणून प्रत्येक गोष्ट जुनीच असते असं नाही."

मॅडमनी मान डोलावली. उतरताना जिन्यात म्हणाल्या, "पोरगी चांगली शिकवते वं. माह्या हाताखालची असती तं शाबासकी देली असती."

त्या नुसत्या ऐकून सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्याच आठवड्यात सहावीत पाणी शोषून घेण्याचा धडा आला आणि मॅडम भुशाचं पाकीट वर्गात घेऊन गेल्या. टेबलावर दोन काचेचे ग्लास. एकात घोटभर पाणी, दुसऱ्यात काठोकाठ. दोन्हीत एकेक चमचा भुसा टाकून ढवळला आणि मुलांना हजेरी पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं. मी शेजारच्या वर्गात होते, मधे नुसतं लाकडी पार्टिशन, फटीतून सगळं दिसायचं. हजेरी संपल्यावर त्यांनी भरलेला ग्लास एका भांड्यात ओतला, तो सळसळ वाहून गेला. दुसरा ग्लास पालथा केला. त्यातून काहीच पडलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कायले वाजवता, बयताडांनो? पाहा इकडे. पाणी कमी पडलं का हे असं गोळा होऊन बसते. गळ्यात बसलं तं गळा बंद, पोटात बसलं तं पोट बंद. समजलं?"

"हो मॅडम."

त्याच दुपारी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा संपवला, पर्समधून पाकीट काढलं, चमचाभर भुसा तळहातावर घेतला आणि फक्की मारली. आमच्याकडे ओवा असो, सुंठ असो, कोणतंही चूर्ण असो, ते असंच घ्यायचं. मान मागे, हात तोंडाशी, आणि मग वरून पाणी. मॅडमनी बाटली उघडली आणि दोनच घोट घेतले. त्या बाटलीतून त्यांना घेताना मी पाहिलं ते रोज तेवढंच.

"मॅडम, सकाळी पोरायले काय शिकवलं?"

"ते पोरायसाठी होतं."

"हसू नका. ग्लासभर पाणी सांगतलं न डॉक्टरनं?"

"अवं, ग्लासभर पेलं का तीन वाजता मी कुठी जाऊ? सारं पाळून राहिली न मी. सकाळी थायरॉइडची गोळी असते, तवा नाही घेत. सांजच्याले घरी गेली का पाठ टेकतो, झोपून घ्याचं नाही म्हणे, तवा बी नाही घेत. मंग उरली दुपारच. एक पाण्याचंच तेवढं इकडंतिकडं होते."

मला तेव्हा हसू आलं होतं, त्यांच्या तोंडचं ऐकताना कोणालाही आलं असतं. सगळे नियम पाळायचे आणि ज्याच्यावर बाकीचे उभे आहेत तो एकच सोडायचा.

त्यांना मनसोक्त पाणी पिताना मी एकदाच पाहिलं, मोर्शीला. मृगाच्या बहाराची संत्री उतरत होती. रविवारी मी त्यांना माझ्या माहेरी नेलं. आईने आल्या आल्या ग्लास हातात दिला. मॅडमनी घराकडे एक नजर फिरवली, मागच्या अंगणातलं पांढरं टाइलचं बाथरूम त्यांना दिसलं, नळ दिसला, आणि त्यांनी तो ग्लास एका दमात संपवला. मग दुसरा घेतला. दुपारी बगीच्यात झाडाखाली बसून किती संत्री खाल्ली त्याचा हिशेब नाही. सालीच्या आतला पांढरा धागासुद्धा काढत नव्हत्या. "ह्याच्यातच तं खरं हाये," म्हणायच्या, "पोटाचं झाडू." संध्याकाळी निघताना त्यांचा चेहरा असा मोकळा दिसत होता की माझी आई म्हणाली, "बाई, तुमी राहूनच जा न चार दिवस."

"राहतो, रिटायर झाली का राहतो," मॅडम म्हणाल्या. रिटायर व्हायला त्यांना फार वेळ उरलेला नव्हता.

त्यानंतरच्या दिवाळीपासून त्या बदलल्या. आधी डबा अर्धा परत जाऊ लागला. मग बांगड्या सैल झाल्या, फळ्यावर लिहिताना कोपरापर्यंत सरकायच्या. भुशाचा एक चमचा होता त्याचे दोन झाले, तेही वर ढीग करून. पाणी तेवढंच, दोन घोट. पोट टम्म फुगायचं आणि त्या टेबलाची कड धरून उभ्या राहायच्या.

मी म्हटलं, "मॅडम, वजन उतरलं तुमचं. डॉक्टरणीनं काय सांगतलं होतं?"

"गॅस हाये वं. भुशानं होते गॅस."

"मंग भुसा बंद करा न."

"बंद केला तं होईनच नाही काही." मग माझा हात थोपटून, "आठवीच्या परीक्षा होऊ दे. मंग जाऊ दोघी."

परीक्षा होऊ दे, पोराचं होऊ दे, पाहुणे जाऊ दे. आपल्या बायकांचं दुखणं नेहमी रांगेत शेवटी उभं असतं, आणि त्यांच्या मागून कोणीही आलं की त्या त्याला पुढे सोडतात. मला त्यांचा राग यायचा. मी दोन दिवस बोललेही नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीत बाटली पुढे केली, "रागानं गळा सुकते, पे," आणि मी प्याले.

परीक्षा व्हायच्या आधीच ते झालं. शाळेतून परत येताना गाडीत मॅडम गप्प होत्या. वलगावच्या अलीकडे त्यांनी माझा दंड धरला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मग खिडकीतून उलटी झाली, पुन्हा झाली. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला, ते दगडासारखं कडक होतं. कंडक्टरने कोणाला काही न विचारता घंटी मारून मधले थांबे रद्द केले आणि गाडी तडक अमरावतीला आणली. गाडीतला एकही माणूस कुरकुरला नाही. त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांचं पाणी प्यायलेलं होतं.

दवाखान्यात फोटो काढले, नाकातून नळी घातली. रात्रीपर्यंत स्नेहल अकोल्याहून आली. सर्जनने आम्हा दोघींना बाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं. आतड्यात गाठ आहे. बऱ्याच दिवसांची असावी. गाठीने वाट आवळत आणली, आणि तिच्या मागे मळ आणि भुसा मिळून घट्ट साचलं. आता वाट पूर्ण बंद आहे, ऑपरेशनला पर्याय नाही.

"भुशानं झालं का हे?" स्नेहलने विचारलं.

"गाठ भुशाने झालेली नाही. पण वाट आवळलेली असताना भुसा घ्यायचा नसतो, आणि इतक्या कमी पाण्यात तर मुळीच नाही. रक्त जात होतं का त्यांना?"

स्नेहल माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे. आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. आत जाऊन विचारलं तेव्हा मॅडमनी डोळे मिटले. "जात होतं. मले वाटलं मूळव्याध असन. इतके वर्षं पोट तसंच होतं न वं, मले काय माहीत आता येगळं काही झालं." वर्गात एकाच चमच्याचे दोन ग्लासात दोन प्रकार दाखवणाऱ्या बाईला स्वतःच्या पोटातलं जुनं आणि नवं वेगळं करता आलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही कितीतरी वेळ त्यांना तोंडाने पाण्याचा थेंब द्यायची मनाई होती. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्यांना तहान लागली. साधी तहान नव्हे. सारखं "पाणी, पाणी". नर्सने कापसाचा बोळा ओला करून दिला, तेवढा ओठांवर फिरवायचा. मी फिरवत होते. त्या बोळा ओठात धरून ठेवायच्या, सोडायच्या नाहीत.

"माही बाटली कुठी हाये?"

बाटली पलंगाखाली होती. गाडीतून उतरवताना कंडक्टरने आठवणीने हातात दिली होती, शाळेच्या हापशीवर भरलेली, तशीच काठोकाठ.

"इथीच हाये, मॅडम. पण तुमाले चालत नाही अजून."

"मले नको." त्यांनी डोळ्यांनी शेजारचा पलंग दाखवला. तिथे एक म्हातारी आपल्या सुनेच्या उशाशी सकाळपासून तशीच बसलेली होती. "तिले दे. मघापासून ओठ चाटून राहिली ते."

मी दिली. म्हातारीने बाटली वर धरली. मॅडमच्या नाकात नळी, घसा सुकलेला, तरी त्या पुटपुटल्या. म्हातारीला ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने सांगितलं, "आजी, तोंड लावून प्या."

ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटाला पिशवी लागली. गाठीची मुळं यकृतापर्यंत गेलेली होती, ती काढता येण्यासारखी नव्हती. स्नेहलने त्यांना हे टप्प्याटप्प्याने सांगायचं ठरवलं होतं, पण मॅडमनी तिचा चेहरा पाहूनच ओळखलं. मला पिशवी दाखवून म्हणाल्या, "पाह्य, आता चावी कोणाले मागाचं काम नाही." मी हसायला हवं होतं. त्यांना तेच हवं होतं. मला नाही जमलं.

स्नेहल त्यांना अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या घरी घेऊन गेली. मी मे महिन्यात भेटायला गेले. उन्हाचं अकोला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. स्नेहलने दार उघडलं, दारामागे पाण्याचे ड्रम ओळीने. तिथले नळ कधी येतात ते नळालाच ठाऊक. मॅडम आतल्या खोलीत कूलरसमोर, उशांना टेकून. अंबाड्याऐवजी छोटीशी शेंडी. त्यांच्या जागी कोणी दुसरंच बसलंय असं क्षणभर वाटलं, पण आवाज तोच, फक्त कमी झालेला.

"ये वं. आधी पाणी पे."

मी पलंगाच्या कडेला बसले. शाळेचं सांगितलं. आठवीचा निकाल, ती हुशार पोरगी पहिली आली ते. मग मुख्य बातमी. मोठ्या सरांनी हापशीवर मोटर बसवून पाइप ओढला होता, संडासात नळ आला होता. बायकांसाठी आत वेगळी कडी लावली होती.

"बकेट नाही न्यावं लागत?"

"नाही. तोटी सोडली का पाणी."

"अन् तू जातं?"

"जातो मॅडम. रोज जातो. अन् दिवसभर पाणी पेतो."

"पोट्टे पाहत असतीन."

"पाहू दे."

मग म्हणाल्या, "मी बी 'पाहू दे' म्हणायले पायजे होतं." तक्रार नव्हती त्यात. मला वाटतं, त्या पहिल्यांदाच स्वतःबद्दल हळहळत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. हातात काही राहिलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मॅडम, तुम्ही जाऊ नका. सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं.

स्नेहल माठातलं पाणी घेऊन आली. मॅडमनी ग्लास स्वतः धरायचा हट्ट केला. दाराच्या पलीकडे पाच पावलांवर बाथरूम होतं, घर मुलीचं होतं, वाट बघणारी गाडी नव्हती. आता किती प्यायचं ह्यावर कोणाचंही बंधन नव्हतं. त्यांनी ग्लास ओठाला लावला. एक घोट घेतला, थांबल्या. दुसरा घेतला. तिसरा जाईना. त्यांनी मान हलवली आणि ग्लास माझ्यापुढे धरला. तो जवळजवळ भरलेलाच होता.

"बाकीचं तू पे."

मी ग्लास घेतला. डोळे भरले होते, आणि लहानपणीचं वळण असं की मी तो वर उचलला.

"काय वं," त्या म्हणाल्या, "तोंड लावून पे न."

मी तोंड लावून प्याले. ग्लास रिकामा होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.